स्टेशनं गेली, आकाश कुठं गेलं?

दरवर्षी १३ फेब्रुवारीचा जागतिक रेडिओ दिन आला की शॉर्टवेव्हवरचा, म्हणजे देशोदेशीची स्टेशनं आणणाऱ्या आखूड रेडिओलहरींवरचा, तोच वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू गहिवरून रेडिओ सिलोन, बुधवारची रात्र आणि अमीन सयानींचा आवाज आठवते. दुसरी बाजू खिशातला फोन दाखवते आणि विचारते, जगातलं हवं ते स्टेशन इथं स्वच्छ ऐकू येत असताना खरखरीत कान कशाला घालायचे? तिसरी बाजू आपत्तीचा दाखला देते. मोबाइल बंद पडेल तेव्हा शॉर्टवेव्हच वाचवील, म्हणून सरकारने जुने प्रक्षेपक पुन्हा चालू करावेत, असं तिचं म्हणणं. फोंड्यात, पणजीत, म्हापशात या तिन्ही बाजू मी ऐकल्या आहेत आणि तिघांचीही एकच चूक होते आहे असं मला वाटतं. शॉर्टवेव्हचा छंद म्हणजे स्टेशनं ऐकणं, हे तिघांनी गृहीत धरलं आहे. माझं म्हणणं असं, की या छंदाचं भवितव्य स्टेशनांच्या हातात नाही. ते दोन गोष्टींवर ठरणार आहे: वरचं आकाश आणि खालची शांतता. आकाश कुणी बंद करू शकत नाही. शांतता मात्र आपण आपल्याच घरांतून घालवत चाललो आहोत, आणि त्याबद्दल वादात कुणी अवाक्षर काढत नाही.

आधी समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करतो. स्टेशनं गेली आणि ती परत येणार नाहीत. रेडिओ नेदरलँड्सने २०१२ साली शॉर्टवेव्ह सोडली, रेडिओ ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०१७मध्ये, आणि ३१ जानेवारी २०२० रोजी बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्हवरची शेवटची सभा झाली. मार्च २०२५मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाचा आवाज तर सरकारी आदेशाने एका आठवड्याच्या आत थांबला. यामागे कुणाचा दुष्टावाच असतो असंही नाही. आपल्या पणजीहूनही एकेकाळी आकाशवाणीचे २५० किलोवॅटचे प्रक्षेपक परदेश सेवेसाठी शॉर्टवेव्हवर चालत. असा एक प्रक्षेपक तासभर चालवायचा म्हणजे नुसत्या हवेत सोडलेल्या शक्तीचे २५० युनिट झाले. भिंतीतून ओढलेली वीज त्याहून बरीच जास्त. ज्या श्रोत्यासाठी हा खर्च करायचा तो मोबाइलवर गेला असेल, तर कोणत्याही हिशेबनिसाला दोष देता येत नाही. शॉर्टवेव्ह ‘वाचवा’ म्हणून निवेदनं देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा. मी मांडला आणि सही करायचं थांबलो.

पण मग प्रश्न उरतो: हा छंद स्टेशनांनी जन्माला घातला होता का? इतिहास उलटं सांगतो. १९१२ साली, टायटॅनिक बुडाल्यानंतर काही महिन्यांतच, अमेरिकेने बिनतारीचा कायदा केला आणि हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकललं. लांब पल्ल्यासाठी लांब लहरीच लागतात, आखूड लहरी निकामी, अशी त्या काळच्या जाणकारांची पक्की समजूत होती. म्हणून टाकाऊ पट्टा हौशांना दिला. नोव्हेंबर १९२३मध्ये त्याच टाकाऊ पट्ट्यावर अमेरिकेतले आणि फ्रान्समधले हौशी एकमेकांशी अटलांटिकपार बोलले, तेही मोठमोठ्या कंपन्यांच्या तुलनेत नगण्य शक्तीवर. त्यानंतर व्यापार जागा झाला. १९२७ साली आपल्या पुण्याजवळ खडकीला प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण अशी केंद्रं उभी राहिली आणि हिंदुस्थान-इंग्लंड बिनतारी तारसेवा शॉर्टवेव्हवर सुरू झाली. बीबीसीची परदेशांसाठीची एम्पायर सर्व्हिस सुरू व्हायला १९ डिसेंबर १९३२ उजाडला. म्हणजे क्रम असा: आधी हौशी, मग तारखाती आणि स्टेशनं. जे मागून आले ते उठून गेले, इतकंच घडलं आहे. पाहुणे गेले म्हणून घर ओसाड झालं असं कुणी म्हणतं का?

गोव्यातल्या माणसाला हे समजावायला दुसरं एक उदाहरण जवळचं आहे. मालवाहू जहाजांवरून शीड जाऊन कितीतरी वर्षं झाली. आज शिडाच्या जहाजातून मँगनीज पाठवा असं मुरगाव बंदरात कुणी म्हणणार नाही. पण याच गोव्यात, दिवाडी बेटावरच्या गोदीत, ‘म्हादेई’ बांधली गेली आणि तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे तिथेच बांधलेल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७मध्ये गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८मध्ये इथेच परतल्या. शीड धंद्यातून गेलं, पण वारा आणि समुद्र वाचण्याची विद्या म्हणून राहिलं, आणि ती विद्या इंजिनवाल्या नौदलालाही हवीशी वाटते. शॉर्टवेव्हने आता हीच वाट धरली आहे. व्यापाराचं ओझं उतरलेली गोष्ट मरतेच असं नाही. कधी कधी ती तेव्हाच नीट शिकता येते.

आता ‘ऐकायचं काय’ हा प्रश्न. सावईवेऱ्याच्या आमच्या घरामागे कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग आहे. दोन माडांच्या मध्ये वीसेक मीटर तांब्याची तार ओढलेली आहे, तिचं एक टोक खिडकीतून आत येतं. दिवेलागणीला रेडिओ लावून बसायचं. दुपारी ३१ मीटरच्या पट्ट्यावर जवळपास काहीच नसतं. सूर्य डोंगराआड गेला की पंधरा-वीस मिनिटांत डायल भरू लागते: चीन, मग अरबी, मग कुठलीशी प्रार्थना, मग इंग्रजी बातम्या. कुणी बटण दाबलेलं नसतं. दिवसभर सूर्याने आयनांबराचा, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित भागाचा, जो खालचा थर जागा ठेवलेला असतो आणि जो लहरी गिळत असतो तो विरतो, आणि वरच्या थरावर आपटून लांबचे संकेत आपल्या अंगणात उतरू लागतात. १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या केंद्राचे सेकंदाचे ठोके ऐकू येतात. माझा भाचा गेलं वर्षभर रोज रात्री आठ वाजता ते ठोके किती ठळक आहेत हे वहीत लिहितो. एक ते पाच आकडे, बाजूला पाऊस की चांदणं. त्याच्या वहीत ऋतू उमटला आहे. मे महिन्यातल्या वळवाच्या दिवसांत विजेच्या कडकडाटाने आकडे खाली येतात, डिसेंबरात वर जातात, आणि मधेच एखाद्या दिवशी कारण नसताना पार कोसळतात. कारण शोधलं तर सूर्यावर सापडतं. मे २०२४मध्ये लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल प्रभा दिसली त्या सौरवादळाची बातमी आपण पेपरात वाचली. शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्याला ती रेडिओतूनच कळते. सूर्याची धामधूम वाढण्या-ओसरण्याचं अकरा वर्षांचं सौरचक्र शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपतं. ते आपल्या अंगणात स्वतःच्या कानांनी मोजता येतं, यापेक्षा छंदाने आणखी काय द्यायचं?

यावर हुशार मुलं एक चांगला मुद्दा काढतात, आणि तो मी टाळणार नाही. इंटरनेटवर जगभरचे रिसीव्हर उघडे आहेत. नेदरलँड्समधल्या ट्वेंट विद्यापीठाचा तर २००८पासून आहे. त्याची तबकडी फिरवली की युरोपचं आकाश ऐकू येतं. माडावर चढायची गरज काय? मी स्वतः तो वापरतो आणि नवख्यांना दाखवतोही. पण तो रिसीव्हर तिथे आहे याचं कारण तिथे कुणीतरी तार बांधली. तिथून ऐकू येतं ते त्यांचं आकाश. अरबी समुद्राच्या काठावर, विषुववृत्तापासून पंधरा अंशांवर, पश्चिम घाटाच्या पायथ्याशी काय ऐकू येतं हे ट्वेंटहून कळणार नाही. इथला कान इथेच लावावा लागेल. दुसऱ्याच्या गॅलरीतून सूर्यास्त बघणारा माणूस आपली गॅलरी विकून टाकतो का? उलट गोव्यातल्या एखाद्या शाळेने किंवा कॉलेजने असा रिसीव्हर बसवून जगाला खुला केला, तर दुबईतल्या नाहीतर लिस्बनमधल्या गोंयकाराला आपल्या गावावरचं आकाश ऐकता येईल. काही हजार रुपयांत मिळणारा संगणकाला जोडायचा रिसीव्हर आणि तारेचं एक वेटोळं, एवढ्यावर सुरुवात होते.

आपत्तीच्या मुद्द्यावर मात्र मला आमच्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. १५-१६ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं विजेच्या तारांवर पडली, खांब मोडले, कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली, टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या तसे मोबाइलही मुके झाले. त्या रात्री शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्या माझ्यासारख्याचा गावाला काय उपयोग झाला? खरं सांगायचं तर काहीच नाही. मी लंडनच्या बातम्या ऐकू शकत होतो. पलीकडच्या वाड्यावरचा रस्ता मोकळा आहे का हे मला कळत नव्हतं. आपत्तीत उपयोगी पडतो तो दोन्ही बाजूंनी बोलू शकणारा, परवाना घेतलेला, सराव असलेला हॅम, म्हणजे स्वतःचं यंत्र चालवणारा हौशी रेडिओवाला. डिसेंबर २००४मध्ये अंदमानात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या मोहिमेवर गेलेले असताना त्सुनामी आली. संपर्क तुटलेला, आणि त्यांच्या यंत्रांवरून बेटांची खबर मुख्य भूमीवर पोहोचत राहिली. ते तिथे होते हा योगायोग; त्यांना ते काम जमलं हा योगायोग नव्हता. त्यामागे वर्षानुवर्षं फक्त आवडीपोटी केलेला सराव होता. म्हणून ‘आपत्तीसाठी शॉर्टवेव्ह टिकवा’ ही मागणी उलट्या टोकाने धरलेली आहे. छंद म्हणून माणसं टिकली तरच आपत्तीत माणसं सापडतात. आपल्या देशात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगता येत नाही. केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन हॅम मात्र साधा नागरिक होऊ शकतो, आणि सकाळी ७ मेगाहर्ट्झच्या आसपास कान लावला तर देशभरातले असे नागरिक एकमेकांची हजेरी घेताना ऐकूही येतात. त्या हजेरीत गोव्यातले आवाज वाढले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट गोव्याने तरी विसरता कामा नये. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी सीमेपलीकडच्या जंगलात ट्रकवर बसवलेल्या यंत्रावरून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी गोवामुक्तीचं गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केलं. कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून ते सहा वर्षं बोलत राहिलं. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत इथे छापलेला प्रत्येक शब्द सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. हवेतून आलेला शब्द मात्र सरळ घरात उतरे. १८ डिसेंबर १९६१च्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र निकामी केलं, म्हणजे लष्कराने पहिल्याच दिवशी राज्यकर्त्यांचा आवाज तोडला. आणि दुसऱ्या दिवशी त्याच दोघांनी विमानातून फिरत मुक्तीची वार्ता गोव्याला सांगितली. लिबियाताईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो पाठवले. पण त्यांच्या कामाचा अर्धा भाग ऐकणाऱ्यांनी पुरा केला होता. ऐकणाऱ्याचा माग लागत नाही, त्याचं नाव कुठल्या सर्व्हरवर उरत नाही, त्याचं कनेक्शन वरून कापता येत नाही. हा गुण आजच्या फोनवरच्या माध्यमांत नाही. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२मध्ये बीबीसीने तिथल्यांसाठी रोज चार तास इंग्रजी बातम्या शॉर्टवेव्हवर परत आणल्या त्या जुन्या आठवणींसाठी नव्हेत. मात्र तेव्हाही ज्यांच्याकडे चालू रेडिओ होता आणि तो लावायचा कसा हे माहीत होतं त्यांनाच त्या ऐकता आल्या असणार. प्रक्षेपक एका आदेशाने पुन्हा चालू होतो. ऐकणारा तसा एका आदेशाने तयार होत नाही.

आता शांततेकडे येतो, कारण खरी लढाई तिथे आहे. दोन वर्षांपूर्वी माझा रेडिओ संध्याकाळी सात वाजता अचानक बहिरा व्हायला लागला. सगळ्या पट्ट्यावर एकसारखी घरघर, जणू कुणी आत गिरण लावली आहे. आधी मी विजेच्या खात्याला मनात शिव्या दिल्या. मग एके संध्याकाळी रेडिओ सेलवर घेतला आणि घरचा मेन स्विच पाडला. घरघर गेली. इतकी गेली की मला पहिल्यांदा कळलं, आपण किती गोंगाटात बसत होतो. मग भाच्याला मीटरजवळ उभं केलं आणि एकेक फ्यूज लावायला सांगितलं. तिसऱ्या फ्यूजला घरघर परतली. त्या लाइनवर चार वस्तू. एकेक काढत गेलो आणि चोर सापडला तो देवघरात: बाजारातून आणलेला स्वस्त एलईडी दिवा, रोज दिवेलागणीला लागणारा. तो बदलला. त्यानंतर सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर सापडला, त्याच्या वायरीला गोंगाट अडवणारी फेराइटची कडी घातली. तरीही तिसरा एक आवाज राहिला आहे आणि तो शेजारच्या इन्व्हर्टरचा आहे. शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरबद्दल त्याला सांगणार काय? त्याला तर काहीच ऐकू येत नाही.

इथेच सार्वजनिक प्रश्न सुरू होतो. एक स्वस्त अडॅप्टर आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो-जोडतो, त्याचा कचरा गाळणारी पाच-दहा रुपयांची गाळणी बनवणारा वाचवतो, आणि तो कचरा अख्ख्या वाड्याच्या हवेत पडतो. असं घराघरात दहा-पंधरा वस्तूंचं झालं की संकेत तेवढाच येत असूनही तो बुडून जातो. शहरातली मुलं ‘शॉर्टवेव्हवर काहीच लागत नाही’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा स्टेशन असतं, कान नसतो. विजेच्या उपकरणांचा हा त्रास नवा नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा आपली मापनं सांभाळण्यासाठी अलिबागला हलवली गेली. १९०४पासून ती तिथे अखंड नोंदी घेते आहे. त्या वेळच्या लोकांना एवढी समज होती, की मोजायचं असेल तर कुठेतरी शांतता राखावी लागते. रेडिओच्या आड येणाऱ्या या गोंगाटावर मर्यादा ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय समिती १९३४ साली नेमली गेली आणि ती आजही मानकं काढते. म्हणजे ज्ञान आहे, मानकं आहेत. दुकानातल्या फडताळावर त्यांची फिकीर कुणी करत नाही.

‘मूठभर हौशांसाठी सगळ्यांचे दिवे महाग करायचे का?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. गरिबाच्या घरी एलईडी पोहोचला आणि वीज बिल उतरलं, ही मोठी गोष्ट आहे; तिला माझा विरोध नाही. पण हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर रात्री दहानंतर कर्णे वाजतात तेव्हा आपण काय म्हणतो? संगीत बंद करा असं म्हणत नाही, आवाज मर्यादेत ठेवा म्हणतो, आणि त्यासाठी लोक न्यायालयापर्यंत गेले आहेत. त्या लोकांना मूठभर म्हणून कुणी झिडकारलं तर आपल्याला राग येतो. पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवर खगोलप्रेमींनी वर्षानुवर्षं लोकांना शनीची कडी दाखवली. त्यांनी रस्त्यावरच्या दिव्यांचा झोत खाली वळवा म्हटलं तर ती मागणी आपल्याला रास्त वाटते. रेडिओचा पट्टाही तसाच सामायिक आहे. अरबी समुद्रावरून जाणारी विमानं आजही शॉर्टवेव्हवर मुंबईशी बोलतात. तेव्हा हा आमच्या दिवाणखान्यातला लाड उरत नाही.

म्हणून रेडिओप्रेमींना माझं सांगणं आहे: प्रक्षेपकांसाठी निवेदनं देणं थांबवा. प्रमाणित नसलेल्या अडॅप्टरांबद्दल ग्राहक म्हणून तक्रारी करा. शाळांना सांगा, एक सेलवरचा रेडिओ घ्या आणि मुलांना गावातली सर्वांत शांत जागा शोधायला लावा. नकाशावर खुणा करायला लावा. काणकोणात, सत्तरीत, सांग्यात अजून अशा जागा आहेत जिथे रेडिओ लावला तर पार्श्वभूमीला नुसती आकाशाची हलकी सरसर येते. त्या आत्ताच नोंदवल्या नाहीत तर पाच वर्षांनी त्या होत्या हेही कळणार नाही. आणि मुलींना या तारेपाशी बसवा. लिबियाताईंच्या गोव्यात, भारती प्रसादांच्या देशात, हा छंद निवृत्त पुरुषांचा होऊन बसला आहे, हे मला फार लागतं.

तयारीला दिवस आहेत. २ ऑगस्ट २०२७ला खग्रास सूर्यग्रहण आहे. सावली उत्तर आफ्रिकेवरून, अरबस्तानावरून, सोमालियावरून हिंदी महासागरात उतरेल. आपल्याकडे दुपारी उशिरा खंडग्रास. आषाढातली अमावास्या, दिव्यांची आवस. गोव्यात त्या दिवसांत पाऊस धरलेला असतो, चष्मे वाटून उपयोग होईलच असं नाही. पण ढगांना रेडिओच्या लहरी अडत नाहीत. सावली आयनांबरावरून सरकेल तसा तो लहरी गिळणारा थर भर दुपारी सैल पडेल, आणि पश्चिमेकडचे जे संकेत एरवी सूर्यास्तानंतर येतात ते काही मिनिटं वेळेआधी डोकावण्याची शक्यता आहे. भाच्याने वहीत ते पान आत्ताच आखून ठेवलं आहे: डावीकडे दर पाच मिनिटांची वेळ, उजवीकडे रिकामे रकाने. त्या दुपारी आमच्या घरचा मेन स्विच बंद असेल. शेजाऱ्याला तासाभरासाठी इन्व्हर्टर बंद ठेवशील का, हे विचारायला मी या रविवारी जाणार आहे.